माशांच्या बारा प्लेटा

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.

आजपासून डायरी. काल डॉक्टरांनी बीपी बघितला. १७० वर ११०. म्हणाले, चौधरी, गोळी चालू करा, मीठ कमी करा, आणि राग आला की लिहून काढत जा. मी म्हटलं, मला राग येत नाही. ते माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. हाताला पाच टाके होते. शुक्रवारचे. अजिंठा चौफुलीवर एका रिक्षावाल्याने कट मारला. मी त्याला समजावायला उतरलो. समजावताना त्याचा आरसा मध्ये आला. यात राग कुठे आला?

डॉक्टर असंही म्हणाले की मन रमेल असा एखादा छंद लावा. कोकिळा (बायको) म्हणाली, माझ्याबरोबर भजनाला या. ते होणार नाही. मी ठिबक आणि पीव्हीसी पाइपचा डीलर आहे, टाळ कुठे कुटणार?

संकल्प: गोळी. छंद. हात खाली.

१५ जानेवारी

छंद म्हणून चालणं सुरू केलं होतं. बंद. मेहरूण तलावाला सगळे लोक एका बाजूने फेरी मारतात आणि एकच गृहस्थ उलट्या बाजूने. दोन दिवस त्याला नीट सांगितलं. आज खांद्याला खांदा लागला. तो पाण्यात पडला, पण तिथे पाणी गुडघ्याएवढंच आहे. लोक उगाच जमले. मला चालण्याचा व्यायाम सूट होत नाही.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १२.

छंद सापडला.

दुकानासाठी जुनं सागवानी काउंटर मिळतं का म्हणून फारुखभाईंकडे गेलो होतो. फारुखभाई जुन्या बंगल्यांचं सामान घेतात, विकतात. गोदामात घड्याळं, झुंबरं, तुटक्या आरामखुर्च्या. एका खोक्यात गवतात ठेवलेल्या सहा प्लेटा. प्रत्येकीवर वेगळा मासा. काठ लाटेसारखा, काठाला सोन्याची रेघ. फारुखभाईंनी एक प्लेट उन्हात धरली तर पलीकडून त्यांची बोटं दिसली. मी हादरलो.

म्हणाले, फ्रान्सचा माल, सव्वाशे वर्षांचा. छापील नाही, हाताने रंगवलेला. मागे दोन शिक्के. हिरवा कारखान्याचा, लाल रंगवणाऱ्यांचा. माशाच्या शेपटीजवळ चित्रकाराची बारीक सही. मी शिक्का वाचला, लिमोजेस. ते म्हणाले, लिमोझ. तिकडे शेवटची अक्षरं खातात. मग त्यांनी काठाला नखाने टिचकी मारली. आवाज बराच वेळ राहिला. तेवढा वेळ माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. असं मला कधी झाल्याचं आठवत नाही.

पूर्ण सेट बाराचा. धुळ्याच्या एका गिरणीमालकाच्या बंगल्यातून निघालेला. बाकीच्या सहा प्लेटा धुळ्यालाच तोताराम वकील म्हणून आहेत, त्यांनी आधीच नेल्या. मी म्हटलं, महिनाभरात त्या सहा आणतो. फारुखभाई प्लेट गवतात परत ठेवत म्हणाले, "प्रेमराजभाऊ, ही चीज जोर लावणाऱ्याच्या हातात टिकत नाही."

मी म्हटलं, जळगावात माझ्याइतका थंड माणूस दाखवा. तेवढ्यात त्यांच्या हमालाने मागून कपाट ढकललं आणि ते माझ्या टाचेला लागलं. मी त्याला एक शब्द बोललो नाही. फक्त कपाट उलट ढकललं.

सहा प्लेटा घरी आणल्या.

१९ जानेवारी, संध्याकाळी ६

कोकिळाचं म्हणणं, आपल्या घरात अंडं येत नाही आणि तुम्ही सहा मासे आणले. मी समजावलं की हे चित्र आहे. ती म्हणाली, चित्र ताटात आहे. स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, देवघराकडे तोंड करायचं नाही. मान्य केलं. हॉलच्या भिंतीवर लावणार.

आज बीपी बघितला नाही. गरज वाटली नाही.

२६ जानेवारी

झुलाल मिस्त्री प्लेटा लावायला आला. भोकं पाडण्याआधी म्हणाला, शेठ, या लिमोजेस का काय आहेत, स्टीलच्या का नाही घेतल्या. मी त्याला लिमोझ म्हणायला सांगितलं. तो तीनदा लिमोजेस म्हणाला. तिसऱ्या वेळी हसून. त्याच्या हातात प्लेट असती तर मी काही केलं नसतं. हातात पक्कड होती, म्हणून कानाखाली एकच दिली. त्याने पक्कड फेकली, माझ्या गुडघ्याला लागली. मी ड्रिल उचललं तर तो खिडकीतून गेला. आपलं घर तळमजल्यावर आहे, विशेष काही नाही.

चौकटी मीच लावल्या. ड्रिल शेजारच्या पाटलांच्या बेडरूमपर्यंत गेलं. पाटील दाराशी आले, त्यांच्या केसांत चुना होता. फक्त कॉलर धरली. कॉलर धरणं ही मारहाण नाही, हे कोणीही सांगेल.

कोकिळाने संध्याकाळी पाटलांकडे गाजरहलवा नेऊन दिला. ही तिची सवय आहे. माझं कोणाशी काही झालं की ती वाटी घेऊन जाते. गल्लीतल्या निम्म्या घरांत आमच्या वाट्या आहेत.

सहा मासे भिंतीवर छान दिसतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. "प्रेमराज चौधरी, कलेक्टर." खाली बारीक अक्षरात, "फ्रेंच पोर्सिलेन".

६ फेब्रुवारी

कार्डात अडचण आहे. एक शेतकरी दुकानात आला, कार्ड बघून हात जोडून उभा राहिला आणि नुकसानभरपाईचा अर्ज काढून दिला. मी म्हटलं मी तो कलेक्टर नाही. तो म्हणाला, सगळे साहेब असंच म्हणतात. अर्ज घ्याच म्हणून बसून राहिला. मला त्याला उचलून बाहेर ठेवावं लागलं. ठेवताना पायरी चुकली. त्याला खरचटलं, माझी पाठ धरली. फारुखभाई फोनवर म्हणाले, संग्राहक लिहा. संग्राहक म्हणजे मला म्युझियमचा शिपाई वाटतो. कार्ड बदलणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.

तोताराम वकिलांना फोन केला. आवाज अगदी मऊ. वय सत्तरच्या पुढे असावं. मला चौधरीसाहेब म्हणाले. मी सरळ मुद्द्यावर आलो, तुमच्या सहा द्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोणते मासे आले? मी म्हटलं, मासे म्हणजे मासे. ते म्हणाले, तुमच्याकडे एक निळसर पाठीचा असेल, वर बघणारा. मी भिंतीकडे बघितलं. होता. मी तीन आठवडे रोज बघतोय, तो वर बघतोय हे मला दिसलं नव्हतं.

याचा मला फार संताप आला. म्हणजे वाईट वाटलं.

प्लेटा देणार नाही म्हणाले. पण चहाला या म्हणाले. फोन संपल्यावर स्कूटरला लाथ मारली. स्कूटर पाटलांची होती. कोकिळाने वाटी काढली.

२ मार्च, रविवार. दुपारी ४. धुळे बस स्टँड.

विजय. सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

अकरा वाजता धुळ्यातल्या देवपूरला वकिलांच्या घरी पोचलो. छोटं घर, चारही भिंतींना कायद्याची पुस्तकं. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. प्लेटा भिंतीवर दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाले, आणतो. आत गेले आणि माशाच्या प्लेटीत चिवडा घेऊन आले.

चिवडा. कांदा घातलेला. लिमोझमध्ये. सव्वाशे वर्षांच्या सोन्याच्या रेघेला शेंगदाणा टेकलेला.

मी विचारलं, हे काय आहे. म्हणाले, नाश्ता. रोज यातच जेवतो, ज्याने रंगवलं त्याने जेवणासाठीच रंगवलं ना. मी शांतपणे उठलो आणि ती प्लेट वाचवण्यासाठी धरली. त्यांनी दुसरी बाजू धरली. मी म्हटलं, सोडा. ते म्हणाले, तुम्ही सोडा, तुमची पकड चुकीची आहे, काठाला धरू नये. मी पकड बदलताना त्यांच्या छातीला माझा खांदा लागला. ते पुस्तकांच्या कपाटावर आपटले. कपाळ फुटलं. वरून जाडजूड पुस्तकं पडली, तीन माझ्या मानेवर. रक्त त्यांच्या भुवईतून नाकावर आणि नाकावरून सदऱ्यावर.

मला वाटलं आता ते सोडतील. म्हाताऱ्याने जमिनीवर बसल्या बसल्या डाव्या हाताने काठी उचलली आणि माझ्या तोंडावर मारली. चांगली शिसवी काठी आहे. पुढचा वरचा दात निघाला. मी दात शोधेपर्यंत ते प्लेट घेऊन उभे राहिले होते. चिवडा सांडला नव्हता.

म्हणाले, "चौधरीसाहेब, पोलिसांना बोलावत नाही. तुम्ही जा आणि तोंडावर बर्फ ठेवा."

म्हणजे घाबरले. प्लेटला ओरखडा नाही. दात रुमालात आहे. ज्याने लिमोझसाठी दात दिला असा दुसरा माणूस खानदेशात नसेल.

४ मार्च

कोकिळाने दाताबद्दल विचारलं. बसची दांडी लागली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, धुळ्याला आपली गाडी घेऊन गेला होतात. मी म्हटलं, परत येताना बस होती. तिने विचारलं, मग गाडी कुठे आहे.

गाडी धुळ्याला राहिली. लक्षात नव्हतं. जबड्याला मार बसला की असं होतं. गाडी आणायला भटूला सांगायचं.

५ मार्च. नवा प्लॅन.

भटू म्हणजे कोकिळाचा धाकटा भाऊ. साक्रीकडे शेती. अंगाने असा की दारातून तिरका येतो. मी त्याला फोनवर सांगितलं, गाडी आणायला धुळ्याला जाशील तेव्हा तोताराम वकिलांच्या दारात पाच मिनिटं नुसता उभा राहा. बोलायचं नाही. हात लावायचा नाही. नुसतं उभं राहायचं. अहिंसक मार्ग आहे. मला आधी सुचायला हवा होता.

८ मार्च

भटू गाडी घेऊन आला. प्लेटा नाहीत.

झालं असं. तो दारात उभा राहिला. वकिलांनी खुर्ची दिली. हा म्हणाला, मी उभाच राहीन. मग त्यांनी चहा दिला, उभ्यानेच प्याला. मग त्यांनी विचारलं, गाव कोणतं, शेती कशी. बोलता बोलता भटूच्या बांधाचा वाद निघाला, आठ वर्षं अडकलेला. वकिलांनी कागद मागवून घेतले, अर्ज लिहून दिला. हा त्यांच्या पाया पडून आला. वर मला सांगतो, "दाजी, तो म्हातारा भला माणूस शे. मी त्याले हात लावाव नही."

मी म्हटलं, हात लावायचा नव्हताच. तो म्हणाला, उभाबी ऱ्हावाव नही.

मी त्याला जेवू घातलं नाही. कोकिळाने घातलं.

९ मार्च, रविवार. साक्री सरकारी दवाखाना. दुपारी ३.

डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट मोडलं.

कोकिळाला माहेरी सोडायला आलो होतो. बाजार भरला होता. ती भाजी घेत होती. भटू समोरून आला, त्याच्या हातात पिशवी, पिशवीत पेढे. बांधाच्या अर्जावर शेजाऱ्याचीही सही झाली म्हणून वकिलांना द्यायला निघाला होता. आधी मला पुढे केले. मी पिशवी उडवली. मग एक कानाखाली दिली. तो हलला नाही. हलला असता तर विषय तिथे संपला असता. समोरचा माणूस नुसता उभा राहिला की माझं डोकं काम करत नाही. दुसरी दिली. ओठ फुटला. तिसरी तोंडावर, बुक्की. त्याच्या दाढीत रक्त उतरलं, दाताला लाल झालं, आणि तो माझ्याकडे बैल बघतो तसा बघत होता.

म्हणाला, "दाजी, बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं. हात खाले करा."

सगळं गाव खरंच बघत होतं. चौथीला त्याने माझं मनगट धरलं. नुसतं धरलं. मी सोडवायला लाथ घातली, पाय पेढ्यावर पडला, अंग फिरलं, मनगट त्याच्या मुठीतच राहिलं. आवाज आला. बारीक, सुक्या काडीसारखा.

डॉक्टर म्हणतात, त्याने मोडलं नाही, तुम्ही स्वतः पिळून घेतलं. डॉक्टर नवीन असावेत.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मी जमिनीवर होतो तेव्हा कोकिळा भाजीची पिशवी टाकून धावत आली. माझ्या बाजूने पुढे निघून गेली. भावाचा ओठ पदराने पुसला. माझ्याकडे तिची पाठ होती. गर्दीत दिसलो नसेन.

१० मार्च

कोकिळा साक्रीलाच थांबली. थोडे दिवस म्हणाली. किती ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, प्लॅस्टरवाल्या माणसाला घरात शांतताच हवी.

१८ मार्च

घरात उत्तम शांतता. प्लेटांकडे नीट बघायला मिळतं. एक मासा तोंड उघडं ठेवून आहे. एकाचे कल्ले लालसर. डाव्या हाताने पोळी लाटता येत नाही. शेवभाजी पार्सल आणतो.

२२ मार्च

दूधवाल्याशी काही झालं. लिहिण्यासारखं नाही. पातेलं त्याचंच होतं. तो आता येत नाही. त्याच्याकडे वाटी घेऊन जावं का, असा विचार आला. दूधवाला राहतो कुठे ते कोकिळाला माहीत. आणि वाटीत काय घालायचं.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड आणलं. एकट्याने खाल्लं.

इथे एक खुलासा. फारुखभाई आज भेटायला आले होते. भाभी कुठे, त्यांनी विचारलं. सांगितलं. ते बराच वेळ प्लेटा बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, घरात कधी हात उचलला का?" हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर तो खिडकीतून गेला असता. मी म्हटलं, कोकिळावर मी आजवर हात उचललेला नाही. आणि ते खरं आहे. ते दोन-तीन वेळचं वेगळं. एकदा मी दार ओढलं तेव्हा ती दारात होती. एकदा मी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं, ती भिंतीजवळ होती. आणि एकदा धक्का. धक्का हात मोकळा असताना लागतो, उचलून नाही.

फारुखभाई उठले. चहा अर्धा ठेवून गेले.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ९.

तोताराम वकिलांचा फोन. तोच मऊ आवाज. म्हणाले, भटू येतो अधूनमधून. कोकिळाताईंशीही बोलणं झालं. रविवारी वीस तारखेला दुपारी जेवायला या. त्या दोघांनाही बोलावलंय. तुमच्या सहा प्लेटा घेऊन या. बारा प्लेटा सव्वाशे वर्षांत शेवटच्या एकत्र कधी बसल्या असतील देव जाणे, एकदा बसू द्या.

मी लगेच ओळखलं. शरणागती. मोठ्या संग्राहकापुढे छोटा संग्राहक नमतो, तो असा जेवायला घालून. जेवण झालं की सहा माझ्या हाती देणार. आणि कोकिळा त्याच गाडीत परत येणार. एका दिवसात दोन कामं.

संकल्प (हे शेवटचे, आता लागणार नाहीत): वीस तारखेला आवाज चढवायचा नाही. चिवड्याबद्दल बोलायचं नाही. भटूला सॉरी म्हणायचं, इंग्रजीत, म्हणजे जड जात नाही. कोकिळाला म्हणायचं, चल.

१७ एप्रिल

प्लॅस्टर काढलं. हात बारीक झालाय, पांढरा. दुसऱ्याच कोणाचा वाटतो. पुढचा दात बसवून घेतला. पाळणार, सगळं पाळणार.

२० एप्रिल, रविवार. दुपारी १२.३०. पारोळ्याच्या पुढे, गाडीत.

उशीर होतोय. कारण लिहून ठेवतो.

प्लेटा फोममध्ये गुंडाळून मागच्या सीटवर, बेल्ट लावून. चाळीसच्या स्पीडने चाललो होतो. एक पिकअप मागून हॉर्न वाजवत होती. अर्धा तास वाजवला. मी बाजू दिली. ओव्हरटेक करताना आतल्याने हात बाहेर काढून काहीतरी म्हटलं. चाळीसचा स्पीड ठेवता आला नाही. पारोळ्याच्या पुढे गाठली, आडवी घातली, उतरलो. डिकीत नमुन्याचा दीड इंची पाइप होता. प्लेटांची आठवण होती, म्हणून एकच मारला, आणि तोही बॉनेटवर. माणसाला नाही. ही प्रगती आहे.

पिकअपमध्ये चार जण होते. मागे कांद्याच्या गोण्यांवर आणखी दोन. त्यांनी पाइप माझ्याच पाठीवर वापरला. डांबर तापलेलं होतं, गाल भाजला. एकाने लाथ पोटात घातली, एकाने बरगडीत, आणि एक म्हातारासा होता तो नुसता माझी चप्पल दूर फेकत होता. उजवा डोळा मिटलाय. शर्टाची बाही गेली.

प्लेटा सुखरूप. सहाही उघडून बघितल्या.

२१ एप्रिल, सोमवार. घरी.

कालचं लिहितो. जसं झालं तसं.

दोन वाजता पोचलो. भटूने दार उघडलं, माझं तोंड बघितलं, काही न विचारता पाणी आणलं. मी सॉरी म्हणालो. तो बरं म्हणाला. कोकिळा आतून बघत होती. दीड महिन्यानंतर बघितलं. तब्येत सुधारल्यासारखी वाटली. मी म्हणालो, पडलो. तिने मान हलवली.

वकिलांच्या कपाळावर आडवा व्रण आहे. त्यांनी माझ्या प्लेटा स्वतः कोमट पाण्यात धुतल्या, पुसल्या, आणि बारा एकत्र टेबलावर मांडल्या. बारा मासे. वरच्या सहा आणि खालच्या सहा मिळून पोहत असल्यासारखे, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. भटूने टोपी काढली. मला टिचकी मारावीशी वाटली, वकील म्हणाले मारा. मारली. तोच आवाज.

माणसं चार, प्लेटा बारा. वकिलांनी युक्ती काढली, तीन वेळा वाढायचं, दरवेळी नवी प्लेट. पहिल्यांदा वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. कोकिळाने केलं होतं. मासा तुपाखाली गेला तशी ती हसली, म्हणाली, आता दिसत नाही, आता चालेल. सगळे हसले. मीही. बरगडी दुखत होती तरी हसलो. मला वाटलं, हे असं असतं तर.

तळलेल्या बिबड्यांचं (ज्वारीचे पापड) ताट टेबलाच्या पलीकडे होतं, कोकिळाच्या पुढे. मला हवी होती. तोंडात घास होता. म्हणून मी हात वर केला.

फक्त बिबडी मागायला. हे मी देवासमोर सांगेन.

कोकिळाने दोन्ही हातांनी प्लेट उचलून तोंडापुढे धरली. बट्टी खाली पडली, वरण तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. गरम होतं. तिने प्लेट खाली केली नाही. डोकं खाली, खांदे वर. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. प्लेटीची मागची बाजू दिसत होती. हिरवा शिक्का, लाल शिक्का.

माझा हात वरच होता. खाली कसा आणायचा ते कळेना. हलवला तर तिला काय वाटेल.

वकील उठले. तिच्या हातातून प्लेट काढून घेतली, दोन्ही हातांनी, सावकाश, झोपलेलं मूल उचलतात तशी. मी म्हटलं, मला बिबडी हवी होती. पुन्हा सांगितलं. कोकिळाने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"मला कळलं नंतर," ती म्हणाली. "पण हात वर गेला की मला हातच दिसतो."

भटूने बिबडीचं ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. मी एक घेतली. खाताना फार आवाज झाला.

दुसरं, तिसरं वाढप झालं नाही. आठ प्लेटा कोऱ्याच राहिल्या. निघताना वकिलांनी बाराच्या बारा गुंडाळल्या आणि माझ्या मागच्या सीटवर ठेवल्या. मी म्हटलं, तुमच्या सहा? ते म्हणाले, न्या. आता माझ्याच्याने यांत जेवण होणार नाही.

कोकिळाला चल म्हणायचं ठरवलं होतं. ती भटूच्या मोटरसायकलवर बसली होती. म्हटलं नाही.

परतताना चाळीसच्या स्पीडने आलो. खूप जणांनी हॉर्न वाजवले.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ८.

ऊन ४४. बारा प्लेटा खोक्यातच आहेत. सेट पूर्ण झाल्याचं फारुखभाईंना कळवायचं होतं. राहिलं.

साक्रीला फोन केला. बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, मुद्दे काढून. भटूने फोन कोकिळाला दिला. तिने विचारलं, गोळी घेता का. मी हो म्हणालो. घेत नव्हतो. बरगडी कशी आहे, तिने विचारलं. बरी. मग मी पहिला मुद्दा वाचायला घेतला, की झालेल्या प्रकारात गैरसमजाचा भाग मोठा आहे. ती ऐकत होती. अर्ध्यात मी थांबलो. मी विचारलं, तुझा हात भाजला होता तो?

ती म्हणाली, फोड आला होता, बसला.

तिकडे कोंबडा ओरडत होता. मी विचारलं, कधी येतेस. तिने कोंबड्याला हाकललं. मग म्हणाली, "इथे मला झोप लागते."

बरं म्हणालो. तिने ठेवायच्या आधी ठेवायचा नाही म्हणून फोन कानाला धरून बसलो. तिने ठेवला.

गोळी घेतली. पाण्याचा ग्लास धुऊन पालथा घातला.